मांटोव्हानीची व्हायोलिनं

रात्री जीएसटीचे हिशेब करताना मला गाणी चालत नाहीत. कानावर शब्द पडले की आकड्यांचा घोळ होतो. म्हणून मांटोव्हानी, म्हणजे व्हायोलिनप्रधान, बिनशब्दांचं संगीत वाजवणाऱ्या वाद्यवृंदाचा संचालक. दर्दी मंडळी 'हे लिफ्टमधलं संगीत' म्हणून नाकं मुरडतात. मुरडू देत! १९५१ चं 'शार्मेन' एकदा हेडफोन लावून ऐका. त्यात रोनाल्ड बिंज या त्याच्या अरेंजरने व्हायोलिनवाल्यांचे गट पाडले. चालीतला एक सूर एका गटाने धरून ठेवायचा, तोवर पुढचा दुसऱ्याने उचलायचा. सूर एकमेकांवर सांडत राहतात आणि मोठ्या चर्चच्या घुमटाखाली यावा तसा घुमारा उठतो. यंत्राची करामत नाही, सगळं कागदावर लिहिलेलं. चाली गुळमट आहेत, कबूल. सलग दोन एलपी मलाही झेपत नाहीत.