आईचं करते ती, पगार मोजतात नवऱ्याचा

इथे आयर्लंडमध्ये, लिमरिकला आमच्या शेजारी एक बाई राहते, पन्नाशीची, तिच्या आईला डिमेन्शिया आहे, म्हातारी रात्री दोन-तीनदा उठते आणि दार उघडायला जाते, त्यामुळे हिची झोपही तेवढीच. दुकानातली फुल टाइम नोकरी सोडली तिने. आपण म्हणतो ना, आईचं सगळं तीच करते, अगदी तसंच.

इथे या करण्याला सरकारकडून पैसे मिळतात, केअरर्स अलाउन्स म्हणतात, तुमचं वय 66 च्या आत असेल आणि एका माणसाचं करत असाल तर 2026 मध्ये आठवड्याला जास्तीत जास्त 270 युरो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भरून आलं होतं. मग तिनेच मीन्स टेस्टचं सांगितलं. म्हणजे घरात किती पैसा येतो ते बघणार, आणि त्यात नवऱ्याचा पगारही धरणार. तिचा नवरा ट्रक चालवतो. ओव्हरटाइमने पगार हद्दीच्या वर गेला की हिचे पैसे कापले जायचे, मग हीच त्याला सांगायची की जास्तीच्या फेऱ्या घेऊ नकोस. अरे, आई तिची, रात्रभर जागते ती, आणि हिशोब त्याच्या पे-स्लिपचा? मला हे आजही पटत नाही.

ही हद्द 2008 पासून 2022 पर्यंत तीच होती, आठवड्याच्या कमाईला एकट्याला 332.50 युरो आणि नवरा-बायकोला मिळून 665. चौदा वर्षं! तेवढ्यात घरभाडी कुठच्या कुठे गेली. मग केअरर लोकांच्या संघटना मागे लागल्या, सतत लागल्या, आणि आकडा हलायला लागला: जून 2022 ला जोडप्यासाठी 750, जून 2024 ला 900, जुलै 2025 ला 1,250, आणि ऑक्टोबर 2025 च्या बजेटमध्ये जाहीर झालं की जुलै 2026 पासून 2,000. ही टेस्टच टप्प्याटप्प्याने काढून टाकू असं सरकारने 2025 च्या जानेवारीत आपल्या कार्यक्रमात लिहून दिलंय. ते लवकर व्हावं असं मला मनापासून वाटतं, कारण हद्द कितीही वाढवली तरी कोणीतरी तिच्या जरा वर राहतोच, आणि त्याच्या घरातही कोणीतरी जागतच असतं.

अजून एक अट आहे, तिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. आठवड्याला साडेअठरा तासांच्या वर बाहेर काम केलं तर अलाउन्स बंद. जुन्या दुकानाने तिला वीस तास देऊ केले होते, दीड तासासाठी तिला नाही म्हणावं लागलं.

गेल्या जुलैपासून तिला पूर्ण पैसे मिळतात. त्यातून तिने गुरुवारी दुपारी दोन तासांसाठी एक बाई लावलीय. परवा मी विचारलं, त्या वेळात तू जातेस कुठे? म्हणाली, कुठे नाही गं, वर जाऊन झोपते.