तुम्ही विचारलंत म्हणून: सड्यावरचा, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळपठारावरचा, ठिय्या उन्हात टिकतो कसा?

एप्रिल 2023 च्या अखेरीस प्रस्तावित रिफायनरीच्या माती परीक्षणासाठी बोअर मारायची यंत्रं रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यात आली आणि गावकऱ्यांनी, त्यातही बायकांनी, विरोधासाठी बारसू गावचा सडा धरला. 28 तारखेला अश्रुधूर फुटला तो सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. तेव्हापासून प्रश्न येतो तो हाच: झाड नाही, पाणी नाही, अशा कातळावर माणसं दिवसच्या दिवस बसतात कशी?

बसतात, कारण वाडीवार पाळ्या लागतात. हापूसची तोड ऐन त्याच दिवसांत असते. घरचे सगळे वर गेले तर आंबा झाडावरच पिकून गळतो, मग दोन-तीन दिवसांत माणसं न सांगता कमी होऊ लागतात. म्हणून घरातलं एक माणूस सड्यावर, एक बागेत, एक गुरांकडे. मच्छीमारांचं वेळापत्रक निराळं. 1 जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, त्यामुळे मे महिन्यात होडी ओढून ठेवणं त्यांना परवडत नाही. त्यांना रोज बोलावू नये. ठिय्या पोलिसांनी मोडण्याआधी बहुतेक वेळा घरच्या कामाच्या ओढीने मोडतो, हे आधी मान्य करावं लागतं.

मांडवाची अडचण म्हणजे कातळात खड्डा खणता येत नाही. पोफळीचे खांब वाळू भरलेल्या पिंपात उभे करा, किंवा बुंध्याशी चिऱ्यांची रास रचा. वर प्लास्टिकची ताडपत्री घालू नका: खाली उकडतं आणि दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की शिडासारखी फुगून खांबासकट उडते. माडाचे झाप किंवा बागेतली हिरवी जाळी बरी, त्यातून वारा जातो. बसायला गोणपाट दुहेरी हवं, कातळ दिवस मावळल्यावरही बराच वेळ तापलेला राहतो.

पाणी माणशी चार लिटर धरा. शंभर माणसांना चारशे लिटर, म्हणजे वीस लिटरचे वीस जार. नुसतं पाणी पीत राहिलं तरी चक्कर येते, कारण घामातून मीठही जातं. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. चूल मात्र वर पेटवू नये. वाळलेल्या गवताला ठिणगी पुरते आणि वणवा लागला की दोष आंदोलकांवर येतो. पेज आणि भाकऱ्या वाडीतच करून वर पाठवाव्यात. बायका पुढे बसणार असतील तर जवळच्या घरातलं न्हाणीघर आधी ठरवून ठेवा. ते नसलं तर त्या पाणीच पीत नाहीत, आणि दुपारी पहिल्यांदा कोसळतात त्याच.

अश्रुधूर आला तर डोळे चोळू नका. वारा जिकडून येतो तिकडे, उंचवट्याकडे सरका. धूर हवेपेक्षा जड, घळीत साचून राहतो. मग साध्या पाण्याने डोळे धुवा.

कागदाचं काम तितकंच महत्त्वाचं. जमावबंदी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली लागे, 1 जुलै 2024 पासून ती नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली लागते. आदेशाची प्रत मागून घ्या आणि हद्द व तारीख वाचा. असा आदेश दोन महिन्यांपलीकडे चालत नाही, राज्य सरकारने वाढवला तरच. सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या शाहीन बाग आंदोलनाच्या निकालात 2020 साली सांगितलं आहे. तेव्हा रस्ता सोडून, मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर बसा आणि सातबारा जवळ ठेवा. जमावबंदी तिथेही लागू होऊ शकते, पण रस्ता अडवल्याचा ठपका तरी येत नाही. कुणाला ताब्यात घेतलं तर नाव, वेळ आणि ठाणं लगेच लिहून ठेवा. अटक केलेल्याला, प्रवासाचा वेळ सोडून, 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, आणि तो हिशोब या नोंदीवरूनच करता येतो.

आणि ग्रामसभा. 1 मेच्या सभेला मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, गर्दी मोठी दिसते. पण गणपूर्तीला, म्हणजे सभा वैध ठरायला लागणाऱ्या किमान हजेरीला, गावच्या मतदार यादीतलीच माणसं मोजतात: 15 टक्के किंवा शंभर, यातलं जे कमी असेल तितकी. अनेकांची नावं मुंबईच्या यादीत असतात. त्यांच्या सह्या वेगळ्या कागदावर घ्या, नाहीतर विरोधाच्या ठरावावर पहिला आक्षेप तिथूनच येतो. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात मागा आणि तहसीलदार कचेरीत देऊन पोच घ्या.