खेळताना

मंगळवार, रात्री उशिरा

अनय झोपलाय. डावा हात उशीखाली घालून झोपलाय, म्हणजे हात नक्की बरा आहे. तासाभरात चौथ्यांदा बघून आले.

मिलिंद म्हणाला, "झालं ना आता नीट? मग का बसलीयेस?" काय सांगणार. हाताचं नाहीच हे. हात तर डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात बसवला. कोपर एका हातात, मनगट दुसऱ्या हातात, थोडं फिरवलं, दुमडलं, बारीकसं 'टक्' झालं. अनय किंचाळला आणि दहा मिनिटांनी त्याच हाताने त्यांच्या खिशातलं पेन काढायला लागला. एक्स-रेसुद्धा लागला नाही.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "कसं झालं?" मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच पुढे विचारलं, "खेळताना का?"

मी म्हटलं, "हो, खेळताना."

खेळताना नाही झालं.

सकाळी पावणेनऊ. जिन्यात. त्याच्या एका पायात बूट, दुसरा माझ्या हातात. त्याला प्रत्येक पायरीवर बसायचं होतं. माझी मीटिंग नऊची, फोन दोनदा वाजून गेलेला, खांद्यावर दोन पिशव्या. तीनदा गोड बोलले. चौथ्यांदा दातओठ खाऊन त्याचं मनगट धरलं आणि वर हिसडा दिला. नुसतं उठवायचं असतं तर काखेत हात घालून उचललं असतं. मी रागाने ओढलं. काहीतरी सरकलेलं माझ्या तळहाताला कळलं, टेबलाचा ड्रॉवर खाचेतून निसटतो तसं. मग तो रडायचा थांबला आणि हात अंगाशी धरून माझ्याकडे बघत राहिला. रडला असता तर बरं झालं असतं.

गाडीत मी रडले. खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा स्वतःसाठीच जास्त रडले. रात्री तीन वेळा उठले होते. ऑफिसात गेल्या महिन्यात जे झालं ते अजून संपलेलं नाही. आणि आता हे. मिलिंद त्या जिन्यात असता तर त्याला कुणी काही म्हणालं नसतं, असं सारखं वाटत होतं. वाटेत कोण काय बोलेल याची उजळणी केली. सासूबाई, पाळणाघरातल्या ताई, डॉक्टर. प्रत्येकासाठी उत्तर तयार ठेवलं.

एकही उत्तर लागलं नाही. "होतं हो असं, मॅडम. या वयात सांधा सैलच असतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मला हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं की त्यांचे पाय धरावेत.

त्या हायसं वाटण्याशीच मी रात्रभर झगडतेय.

कारण पडद्यापलीकडच्या खाटेवर तीनेक वर्षांची एक मुलगी होती, तसाच हात लोंबता धरून बसलेली. तिची आई सफाईच्या कामाचा एप्रन घालून तशीच आलेली, खिशातून रबरी हातमोज्यांची बोटं बाहेर डोकावत होती. तेच डॉक्टर अनयला सोडून तिकडे गेले. माणूस वाईट नाही, हे नीट लिहून ठेवते. मुलीशी हळू बोलत होते. पण आईला पहिला प्रश्न, "काय केलंस हिला?"

मला तुम्ही, तिला तू. वयाने ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी तरी मोठी होती.

ती म्हणाली, "मीच ओढला हात. बस सुटत होती."

एका दमात खरं सांगितलं तिने. आडपडदा नाही.

"ओढला म्हणजे? मारतेस का? घरी कोण सांभाळतं हिला? नवरा काय करतो? पितो?" सिस्टर कागदावर लिहीत होत्या. मुलीचा फ्रॉक वर करून पाठ बघितली, पोटऱ्या बघितल्या. ती बाई प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होती आणि दर उत्तरागणिक तिचा आवाज खाली जात होता. शेवटी नुसती मान हलवत होती.

अनयची पाठ कुणी बघितली नाही.

आणि मी काय करत होते? ती बाई आत आली तेव्हा, डॉक्टर एक शब्दही बोलायच्या आधी, मी त्या मुलीचे विस्कटलेले केस आणि उलटसुलट घातलेल्या सँडल बघून मनात म्हटलं होतं, कशी ही आई! माझ्या मांडीवरच्या पोराच्या पायात एकच बूट होता. तो कुणाला दिसला नाही. मलाही घरी येईपर्यंत दिसला नाही.

रात्री वाचत बसले. या दुखण्याला 'पुल्ड एल्बो' म्हणतात. साधारण एक ते चार वर्षांच्या मुलांना होतं. कोपराशी हाडाच्या टोकाभोवती कड्यासारखा एक पट्टा असतो. तो या वयात नाजूक असतो, हात सरळ असताना झटक्याने ओढला गेला की सरकतो आणि अडकतो. त्याचं दुसरं इंग्रजी नाव वाचलं आणि मोबाइल खाली ठेवला. 'नर्समेड्स एल्बो'. मुलं सांभाळायला ठेवलेल्या बाईचा कोपर. कोपर मुलाचं, दुखणं मुलाचं आणि नाव मोलकरणीचं. घाईच्या वेळी हात मालकिणीनेही ओढलाच असेल, आईनेही ओढलाच असेल. पण ज्यांनी नाव ठेवलं त्यांच्या डोळ्यांसमोर पगारी बाईच आली. आजही आमच्या खोलीत तीच आली, एप्रन घालून.

मग झोपच गेली. आणखी वाचलं. 1999 साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. मारहाणीने डोक्याला इजा झालेल्या 173 लहान मुलांच्या नोंदी त्यांनी पुन्हा तपासल्या. त्यातल्या 54 मुलांना आधी कुठल्या ना कुठल्या डॉक्टरकडे नेलेलं होतं आणि तिथे ते ओळखता आलं नव्हतं. मारहाण नजरेतून निसटण्याचा संभव कुठे जास्त होता? मूल अगदी तान्हं असेल, गोरं असेल, आईवडील एकत्र राहत असतील तिथे. म्हणजे आमच्यासारख्या घरात. त्या 54 मुलांच्या आयांनाही कुणीतरी म्हणालंच असेल, होतं हो असं, मनाला लावून घेऊ नका. 2002 साली त्याच नियतकालिकात दुसरा अभ्यास आला, हाड मोडलेल्या लहान मुलांचा. अल्पसंख्याक समाजातल्या मुलांच्या बाबतीत मारहाणीचा संशय घेऊन तपासणी आणि तक्रार जास्त होत होती, दुखापत खरोखर अपघाती असली तरीही. तिथे कातडीचा रंग होता. आज सकाळी एप्रन होता.

तेव्हा त्या मुलीची पाठ बघितली यात चूक नव्हतीच. बघायलाच हवी. मग माझ्या मुलाची का नाही? माझ्या इस्त्रीच्या कपड्यांनी, माझ्या मॅडमपणाने त्याच्या अंगावर एक पांघरूण घातलं आणि त्याखाली काय आहे हे उचलून बघायची कुणाला गरज वाटली नाही. मी खरोखरच मारणारी असते तर? हे लिहिताना हात थरथरतोय. मला हायसं वाटलं ते माझ्यासाठी. अनयसाठी त्यात हायसं वाटावं असं काहीच नव्हतं.

आणखी एक अभ्यास 2016 चा, कॅलिफोर्नियातल्या संशोधकांचा. थोडा वेळ एकटं राहिलेल्या मुलाच्या छोट्या गोष्टी लोकांना वाचायला दिल्या आणि विचारलं, मुलाला धोका किती? मूल तेवढंच, वेळ तेवढाच. बदललं फक्त आईचं कारण. एका गोष्टीत तिला अपघात झाला म्हणून ती परतू शकली नाही, एकीत ती कामाला गेली, एकीत प्रियकराला भेटायला. आईचं कारण लोकांना जितकं गैर वाटलं तितका त्यांना मुलाचा धोका मोठा वाटला. आधी आई नापसंत झाली, मग धोका वाढला. आपल्याला वाटतं आपण मुलाच्या काळजीने बोलतोय.

2014 चं ते प्रकरण मला आठवत होतं, पुन्हा शोधून वाचलं. दक्षिण कॅरोलायनातली फास्ट-फूडच्या दुकानात काम करणारी आई. उन्हाळ्याच्या सुट्टीत नऊ वर्षांच्या मुलीला कामाच्या तासांत बागेत खेळायला सोडायची, हातात मोबाइल देऊन. कुणीतरी विचारलं, आई कुठे आहे? आईला अटक झाली आणि मुलगी दोन आठवड्यांहून अधिक काळ सरकारी ताब्यात गेली. त्याच देशात चार वर्षांनी, 2018 साली, युटा राज्याने कायदाच केला की मुलांना पायी शाळेत जाऊ देणं, बाहेर खेळू देणं म्हणजे हेळसांड नव्हे. 'फ्री-रेंज' पालकत्व म्हणतात त्याला. शिकलेल्या घरांत मूल एकटं बागेत गेलं की ते स्वावलंबी होतंय. मलाही असंच वाटत आलंय. पाळणाघराच्या ग्रुपवर कुणी असं काही टाकलं की मी कौतुकच करते.

आईला फोन करावासा वाटला. आम्ही लहान असताना ती बाहेरून कडी लावून कामाला जायची. समोरच्या काकू कडीकडे बघून जे बोलायच्या... ते आज नको. आईने आमचे हात कितीदा ओढले असतील, मला एकही वेळ आठवत नाही. कडी काढल्याचा आवाज तेवढा आठवतो. किती बरं वाटायचं.

असं लिहीत गेले तसा सकाळचा राग हळूहळू विरतोय. स्वतःवरचासुद्धा. मी हात ओढला. तिनेही ओढला. तिची बस होती, माझी मीटिंग होती. तिची बस चुकली असती तर तिचा दिवस बुडाला असता, माझी मीटिंग चुकली आणि मी एक मेसेज टाकून मोकळी झाले, एवढा फरक आहे आणि तो लहान नाही. पण त्या एका सेकंदात आम्ही दोघी सारख्याच होतो. अनय मोठा होईपर्यंत असे आणखी सेकंद येतील, हेही मला आता दिसतंय. ते माझ्याच्याने टळतील असं वचन मी स्वतःला देत नाही. काखेत हात घालून उचलायचं, एवढं मात्र हाताला शिकवणार आहे.

निघताना ती बाई पडद्याच्या कडेला उभी होती. मुलीचा हात बसला होता, तिने त्या हाताने आईच्या एप्रनचा बंद धरला होता. सिस्टरनी थांबायला सांगितलं होतं म्हणून त्या दोघी थांबल्या होत्या. कशासाठी, किती वेळ, माहीत नाही. मी नजर टाळून निघाले होते. तिनेच विचारलं, "तुमच्या बाळाचं झालं का बरं?"

मी म्हटलं, "हो, झालं." तिच्या मुलीचं विचारलं नाही. मागे वळून डॉक्टरांना, "माझंही तसंच झालं, मीही ओढलाच होता हात," एवढं एक वाक्य बोलता आलं असतं. ते ऐकून त्यांनी तिला थांबवलं नसतं का, की मलाही थांबवलं असतं? मी गाडीची किल्ली शोधत होते.

मिलिंदला आत्ता सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "डॉक्टरांनी नीट विचारलं असतं तर तू सांगितलंच असतंस." मी म्हटलं, "मला नाही तसं वाटत." त्याने दिवा बंद केला नाही. बसून राहिला माझ्याबरोबर.

हॉस्पिटलचं कार्ड समोर आहे. कारणाच्या रकान्यात डॉक्टरांच्या अक्षरात 'खेळताना' लिहिलंय. शुक्रवारी पुन्हा दाखवायला जायचंय, तेव्हा ते बदलून घेणार आहे. तोवर इथे लिहून ठेवते.

अनय, वय अडीच वर्षे. डावा कोपर. सकाळी पावणेनऊ वाजता, जिन्यात, आईने रागाने हात ओढला.