मामा तलावावरचा तास

आज सातवीच्या पोरांना घेऊन गावच्या मामा तलावावर (माजी मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या काळातला जुना तलाव) गेलो. लाटा शिकवायच्या तर फळ्यावर कशाला? एकीनं खडा टाकला. वर्तुळं पसरत काठाला आली, पण मधलं पळसाचं पान तिथल्या तिथंच वर-खाली होत राहिलं.

"सर, पाणी तं आलंच नाही इकडं!"

हेच तर हवं होतं! लाट ऊर्जा पुढे नेते, पाणी जवळपास जागेवरच राहतं.

पलीकडे एक बाई कपडे धूत होत्या. कपडा दगडावर आपटलेला आधी दिसे, आवाज मागून येई. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पाण्यात सुमारे १५००. हे ऐकून एकजण म्हणाला, "मंग इथल्या मासोळीले आपल्याआधी ऐकू येत असन का?"

उद्याचा तास याच प्रश्नावर.