आमची वाटचाल : न वाचलेल्या एका वॉर्निंगपासून

आम्ही तिघांनी कंपनी काढली तेव्हा मिळेल ते काम घ्यायचो. कोणाचं बिलिंग, कोणाचा स्टॉक, कोणाची हजेरी आणि पगार. ग्राहकाची तक्रार आली नाही की कोड चांगला, एवढीच आमची कसोटी होती.

स्टॅटिक अ‍ॅनालिसिसचं टूल आम्ही पहिल्यांदा बसवलं ते एका ग्राहकाने रिपोर्ट मागितला म्हणून. प्रोग्राम न चालवता नुसता कोड वाचून चुका हुडकायच्या, ही कल्पना जुनीच. बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये सी या प्रोग्रामिंग भाषेसाठी ‘लिंट’ हे टूल लिहिलं, तेव्हापासूनची. आमच्या कोडवर टूल चालवलं आणि काही हजार वॉर्निंग बाहेर पडल्या. कुठे स्पेस जास्त, कुठे व्हेरिएबलचं नाव नियमात बसत नाही. पहिली दोन पानं चाळली, रिपोर्ट जोडून दिला आणि विषय संपला.

नंतर एका कारखान्याच्या पगारात घोळ झाला. रात्री हजेरीच्या फाइल वाचून ओव्हरटाइम पगारात चढवणारा आमचा प्रोग्राम होता. एका महिन्यात काही कामगारांचा ओव्हरटाइम आलाच नाही. दोन रात्री शोधलं. एका फाइलमध्ये तारीख वेगळ्या फॉरमॅटमध्ये होती, त्यामुळे एक्सेप्शन, म्हणजे काम मध्येच अडवणारी एरर, येत होतं आणि ते पकडून पुढे काय करायचं हे सांगणारा कोडचा तुकडा, कॅच ब्लॉक, रिकामा होता. कंसाची सुरुवात, कंसाचा शेवट, मध्ये काही नाही. एरर तिथेच गडप व्हायची आणि लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदींमध्ये, ‘काम पूर्ण’ असं छापून यायचं.

दुरुस्ती चार ओळींची होती. ती झाल्यावर माझ्या सहकाऱ्याने तो जुना रिपोर्ट उघडला. तीच फाइल, तीच ओळ, पुढे लिहिलेलं: रिकामा कॅच ब्लॉक. टूलने सांगितलं होतं. आम्ही वाचलं नव्हतं. ज्यांचे पैसे अडकले होते त्यांच्यासमोर उभं राहून मी माफी मागितली. आमच्या कामाची दिशा त्या दिवशी बदलली.

सगळ्यात आधी टूलचे रूल, म्हणजे ज्यांवरून ते वॉर्निंग देतं ते नियम, बंद करायला बसलो. चालू करायला नाही, बंद करायला. प्रत्येक रूलला एकच प्रश्न: ही वॉर्निंग आली तर हातातलं काम थांबवून आपण कोड बदलू का? उत्तर ‘नाही’ आलं की रूल बंद. स्पेस आणि कंसांचं काम फॉरमॅटरकडे, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या टूलकडे, दिलं. न वापरलेली रिटर्न व्हॅल्यू (फंक्शनने परत दिलेलं उत्तर), बंद न केलेली फाइल, नल (रिकामी किंमत) येऊ शकेल अशी जागा, रिकामा कॅच, हे सगळं ठेवलं. जुन्या कोडमधल्या वॉर्निंग बेसलाइन म्हणून बाजूला नोंदवल्या आणि ठरवलं की नव्या किंवा हात लावलेल्या कोडमध्ये एकही वॉर्निंग असेल तर तो मर्ज होणार नाही, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळला जाणार नाही. जुना ढीग उपसायला आम्ही वेगळा महिना कधीच काढला नाही. ज्या फाइलमध्ये काम निघायचं ती साफ होत गेली.

सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटीच्या बाबतीत मात्र माझी चूक झाली. थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये मांडलेलं हे माप फंक्शनमधून, म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यातून, जाण्याच्या स्वतंत्र वाटा मोजतं. एकही अट नसेल तर १, मग प्रत्येक ‘इफ’ला (अटीला) आणि लूपला (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाला) एकेक वाढतो. १० ही मर्यादा त्यांनीच सुचवलेली. मी ती सरसकट लावली आणि कामाच्या मूल्यमापनातही धरली. मग पगाराच्या फंक्शनचे तुकडे पडले: ‘कपात१’, ‘कपात२’, ‘कपात३’. आकडा खाली आला, पण पगार कसा काढतात हे समजायला आता सहा फंक्शनं उघडावी लागत होती. मूल्यमापनातून तो आकडा मी काढून टाकला. आता १० च्या वर गेलं की आम्ही एकत्र बसून ते फंक्शन वाचतो. कधी तोडतो, कधी तसंच ठेवतो.

टूल चुकतंही. कुठल्याही प्रोग्रामच्या वागणुकीबद्दल प्रत्येक वेळी अचूक उत्तर देणारी पद्धत असूच शकत नाही, हे १९५३ च्या राइसच्या प्रमेयाने सिद्ध झालेलं आहे. म्हणून वॉर्निंग गप्प करायची मुभा आमच्याकडे आहे, पण शेजारी कारण लिहायचं. ‘टूल चुकतंय’ हे कारण चालत नाही. कुठे आणि का चुकतंय ते हवं.

नव्या मुलांना पहिल्या दिवशी आम्ही अ‍ॅपलच्या कोडमधला, २०१४ मध्ये उघड झालेला बग दाखवतो. ‘गोटू फेल’, म्हणजे इथून थेट शेवटच्या ‘फेल’ भागावर उडी मार, ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. दुसरी कुठल्याच अटीखाली नव्हती, त्यामुळे पुढची डिजिटल सहीची तपासणीच वगळली जायची आणि सुरक्षित कनेक्शनची खात्री उरायची नाही. इंडेंटेशन, म्हणजे ओळीआधी सोडलेली जागा, इतकं नीट की डोळा फसतो. पण त्याखालचा कोड कधीच चालणार नाही, हे टूल सहज सांगू शकतं.

आज आमचं निम्मं काम दुसऱ्यांचा कोड सुधारण्याचं आहे. परवा एका ग्राहकाच्या इंजिनिअरने विचारलं, “सर, एवढे रूल बंद केलेत, मग टूल ठेवलंय कशाला?” मी त्याच्याच मॉड्यूलचा रिपोर्ट समोर ठेवला. नऊ वॉर्निंग होत्या. तिसरीपाशी तो थांबला, खुर्ची पुढे ओढली आणि फाइल उघडली.