जाळीतून लाटा गळत नाहीत का?

"मॅडम, ही तर आमच्या पोल्ट्रीची जाळी! हिच्यातून लाटा गळून जात नाहीत का?"

आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणाऱ्या खोडदच्या दुर्बिणीखाली उभी राहून आठवीतल्या एका मुलीने मला हे विचारलं. तिच्या वडिलांची पोल्ट्री आहे, जाळी बांधताना तिने अनेकदा हात लावलेला. समोर 45 मीटर व्यासाची तबकडी आणि तिच्यातून निळं आभाळ आरपार दिसत होतं. मला उत्तर साधारण माहीत होतं. "भोकं लाटेपेक्षा लहान असली की चालतं," एवढं बोलून मी पुढे निघाले. पण तिचं समाधान झालं नव्हतं. खरं सांगायचं तर माझंही झालं नव्हतं, कारण हे मी कधी करून पाहिलेलं नव्हतं.

आमची शाळा जुन्नर तालुक्यात. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदची ही दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप), लोकांसाठी खुली होते, तेव्हा आम्ही आठवीची सहल नेतो. दहावीची परीक्षा तोंडावर असते, त्यामुळे मोठी मुलं नेता येत नाहीत. पालकांची संमतिपत्रं, मुख्याध्यापकांची सही, एसटीच्या सवलतीच्या गाडीसाठी आगारात दोन खेपा, हे सगळं पार पडतं. मुलांना पहिला धक्का बसतो तो फोन बंद करायला सांगतात तेव्हा. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो की जवळचा फोन म्हणजे दुर्बिणीच्या कानाशी वाजणारा ढोल.

शाळेत परतल्यावर मी वाचायला घेतलं. अशा 30 तबकड्या आहेत. 14 मधल्या चौकात, बाकीच्या 16 इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, सुमारे 25 किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. पत्र्याची तबकडी केली असती तर वाऱ्याने तिला ढकललं असतं आणि ते सोसायला प्रचंड जाड सांगाडा लागला असता. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टीलचे दोर ताणले आणि त्यांवर बारीक तारेची जाळी बसवली. तार 0.55 मिलिमीटर जाडीची. चौकोन मध्यभागी 10 मिलिमीटरचे, मग 15 चे, कडेला 20 चे. जूनमध्ये मुलं नववीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी हे आकडे फळ्यावर लिहिले आणि विचारलं, तारेने किती जागा अडवली? दहाच्या चौकोनात सुमारे 11 टक्के, विसाच्या चौकोनात 5 टक्क्यांच्या आसपास. वर्गात एकदम गलका झाला. म्हणजे कडेची तबकडी जवळजवळ सगळी हवाच! तरी ती रेडिओलहरींना आरशासारखी परतवते, कारण अवकाशातल्या हायड्रोजनकडून येणारी रेडिओलाट 21 सेंटिमीटरची आणि भोक दोनच. माझ्या मते असं गणित सूत्रांच्या पानभर उदाहरणांना भारी आहे.

मग प्रयोग. त्या मुलीने घरून अर्धा इंची जाळीचा तुकडा आणला आणि एका मुलाने आजोबांचा ट्रान्झिस्टर. आकाशवाणी पुणे, 792 किलोहर्ट्झ, लाट सुमारे 380 मीटर लांब. जाळीचा पिंजरा करून रेडिओ आत ठेवला. बातम्या अगदी खणखणीत चालू! मुलांचे चेहरे उतरले. पाहिलं तर पिंजऱ्याची दोन्ही टोकं उघडी. ती बंद केली, आवाज थोडा बसला, पण गेला नाही. मग जोड तपासले. जाळीच्या कडा नुसत्या एकमेकींवर टेकवलेल्या होत्या आणि मध्ये गंज. वीज एका कडेतून दुसरीत वाहिली नाही तर पिंजरा विजेच्या दृष्टीने बंदच होत नाही. सँडपेपरने कडा घासल्या, दर दोन बोटांवर तांब्याची तार पिळून बांधली. रेडिओ आत ठेवला आणि बातम्यांच्या जागी नुसती खरखर. मुलं ओरडली, शेजारच्या वर्गावरचे सर बघायला आले.

माझ्यासाठी या सगळ्यातला सर्वांत मोलाचा क्षण दुसऱ्या दिवशी आला. रेडिओवाला मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, जाळी नसतानाही रेडिओ फिरवला की आवाज कमी होतो." मी पाहिलं, अगदी खरं होतं. आत अँटेनाचं काम करणारी फेराइटची कांडी असते, ती केंद्राच्या दिशेने टोक करून ठेवली की आवाज पडतो. म्हणजे कालची खरखर जाळीमुळे की पिंजऱ्यात घालताना रेडिओ फिरला म्हणून? आदल्या दिवशीचा आनंद बाजूला ठेवून पुन्हा सुरुवात. टेबलावर खडूने रेडिओची चौकट आखली, दिशेचा बाण काढला, रेडिओला हात न लावता पिंजरा वरून उतरवायचा आणि तळाच्या जाळीला चिमट्यांनी जोडायचा असं ठरलं. दहा वेळा केलं. दहाही वेळा आवाज गेला. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

पुढे फोन. पिंजऱ्यात फोन ठेवला, माझ्या फोनवरून लावला आणि तो वाजला. फोनची लाट साधारण 15 ते 35 सेंटिमीटरची, भोकं त्या मानाने बारीकच. पण जोडावरच्या फटी लांबट होत्या, आणि लांबट फटीतून लाट शिरते, फट कितीही अरुंद असो. शिवाय फोनला अतिशय क्षीण संदेशही पुरतो. ॲल्युमिनियमच्या कागदात तीन घड्या घालून कडा दाबल्यावर तो गप्प झाला. हे सगळं मुलांनी अहवालात लिहिलं, "जाळीत फोन वाजला" हे वाक्यसुद्धा.

डिसेंबरमध्ये तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन. आमच्या शेजारी थर्माकोलची धरणं होती, दिवे लावलेली. परीक्षकांनी आमच्या टेबलावर दोन मिनिटं दिली. एक जण म्हणाले, मॉडेल कुठे आहे? दुसऱ्यांनी अहवाल चाळून सुचवलं की फोनचं वाक्य काढून टाका, प्रयोग फसल्यासारखा दिसतो. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, राहू दे. नंबर आला नाही. परतताना टेम्पोत कोणी बोललं नाही, आणि मलाही वाईट वाटलं. मुलांनी चार महिने काय केलं ते त्या टेबलाशी थांबून कोणी विचारलंच नाही, याचं वाईट वाटलं.

पण विज्ञान दिनाला खोडदलाच शाळांची प्रदर्शनं भरतात. आम्ही तिथे नाव नोंदवलं. तिथे फोन चालत नाही, म्हणून फोनचा भाग मुलांनी तोंडी सांगायचा ठरवला. सकाळपासून शेतकरी, कॉलेजची पोरं, डोक्यावर पदर घेतलेल्या आज्या, सगळे पिंजरा उचलून बघत होते. एक आजी म्हणाल्या, "पुन्हा झाक गं पोरी, बातम्या बंद कर," आणि हसून तीनदा करायला लावलं.

दुपारी तिथले एक शास्त्रज्ञ आले. खाली बसून त्यांनी आधी जोड पाहिले, बोट फिरवून. मग वही मागितली. "फोन वाजला" या ओळीवर ते थांबले आणि मुलीला विचारलं, का वाजला असेल? तिने फटींचं सांगितलं आणि लगेच उलट विचारलं, "मग तुमच्या जाळीतूनही थोडं गळत असेल ना?"

ते म्हणाले, "गळतं. लाट जितकी आखूड, तितकं जास्त गळतं."

मागच्या सोमवारी ती दहावीच्या वर्गातून खाली आली, हातात दोन जाळ्या घेऊन, एक अर्ध्या इंचाची आणि एक दीड इंचाची. "मॅडम, किती गळतं ते मोजता येईल का?" रेडिओ अजून प्रयोगशाळेच्या कपाटातच आहे. सेल नवे आणायला सांगितलेत.