दहा पावलं

“मॅम, आहात तिथेच थांबा. आणि ज्या ठशांवरून आत गेलात, त्याच ठशांवर पाय ठेवत बाहेर या.”

आवाज चढलेला नव्हता, पण माझ्या शाळेतल्या पीटीच्या बाईंची आठवण झाली. सत्तरीच्या पुढची एक बाई, डोक्यावर उन्हाने विटलेली टोपी, हातात पाण्याची बाटली. मी पायवाटेपासून जेमतेम दहा पावलं आत, खडकावर मोबाईल टेकवून टायमर लावत होते. नवरा दरीच्या बाजूला पोझ घेऊन उभा. हे घडलं अमेरिकेच्या यूटा राज्यातल्या कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कमध्ये, व्हाइट रिम ओव्हरलूकच्या वाटेवर, रविवारी सकाळी, निदान पंधरा माणसांदेखत.

वय वर्षं एकोणचाळीस. स्वतःच्याच ठशांत पाय बसवत, दोन्ही हात पसरून तोल सांभाळत उलटी आले. लंगडी खेळताना बाद झालेल्या पोरीसारखी. नवरा हसला. त्याचा हिशेब गाडीत झाला, ते असो.

आम्ही न्यू जर्सी सोडून इथे मोॲबला आलो याला तीन वर्षं होतील. एडिसनमध्ये वडापाव चालत जाऊन मिळायचा, गणपतीत पाच घरची आमंत्रणं असायची, आणि ऑफिसला जायला-यायला मिळून अडीच तास लागायचे. मी फिजिओथेरपिस्ट. इथे जागा निघाली, नवऱ्याचं काम घरूनच, म्हणून उचललं बिऱ्हाड. “अमेरिकेत जाऊन वाळवंटात?” हा मावशीचा प्रश्न होता. गाव साडेपाच हजारांच्या आतलं. हायवे १९१ हाच गावाचा मुख्य रस्ता. किराण्याच्या मोठ्या खरेदीला सॉल्ट लेक सिटी, चार तास. पण घराच्या मागच्या दारातून लाल कडे दिसतात, रात्री आकाशगंगा दिसते आणि क्लिनिक सात मिनिटांवर आहे. पेशंट म्हणाल तर सायकलवरून पडलेले. मार्च ते ऑक्टोबर मनगटं आणि गळपट्टीची हाडं. शेजारच्या आर्चेस नॅशनल पार्कला २०२१ साली १८ लाखांवर माणसं आली. एवढ्याशा गावाला एवढे पाहुणे म्हटल्यावर घरभाडं काय असेल ते सांगत नाही, बाबा वाचतात हे.

तर, ती माती.

इथे झुडपांच्या मधल्या वाळूवर एक काळपट, खडबडीत थर असतो. लांबून वाटतं, दुधाच्या पातेल्याच्या तळाला लागलेली खरवड कुणी खरवडून टाकलीय. वाकून बघितलं तर बोटाच्या पेराएवढे बुरूज आणि सुळके. पाट्या जागोजागी आहेत, “पापुद्रा मोडू नका” अशा अर्थाच्या. मी तीन वर्षं त्या वाचत होते. पण पाटी म्हणजे आपल्याकडे कशी वाचतात, ते तुम्हाला माहीत आहे. ती दुसऱ्यांसाठी असते.

पहिला अर्धा तास मला नुसता राग आला. एक तर भारतीय दिसणारी तिथे मी एकटीच, त्यामुळे मला “आपल्या लोकांना शिस्त नाही” या खात्यात जमा केलं असणार. (तिने असं काही म्हटलं नव्हतं. हे मीच म्हटलं, माझ्यावतीने.) दुसरं म्हणजे, माती? मला मातीचं सांगता? माझी आजी अंथरुणातून पाय खाली टेकवण्याआधी जमिनीला हात लावून पायाचा स्पर्श होतोय म्हणून क्षमा मागायची. रोज. हे मी नवऱ्याला तावातावाने ऐकवलं. तो म्हणाला, “हो, पण क्षमा मागून मग पाय ठेवायचीच ना?” असल्या माणसाबरोबर संसार करते मी.

परतताना ती बाई वाटेत दगडावर बसलेली. टाळून जावं म्हटलं तर वाट एकच. तिने हाक मारली, म्हणाली, रागावलात का? मी “नाही नाही” म्हटलं, आपण म्हणतो तसं. मग तिने बाटलीचं बूच उघडलं आणि वाटेच्या कडेच्या त्या काळ्या थरावर टोपणभर पाणी ओतलं. “बघा.”

मी बघितलं. आधी नुसता ओला डाग. मग त्या करपलेल्या काळ्यातून हिरवं वर आलं. हळद-कुंकवाच्या पाण्याचा रंग बदलावा इतक्या पटकन. सुकून काटकी झालेलं शेवाळ पानं उघडत होतं, डोळ्यांदेखत. टोपणभर पाण्यावर. तोंडातून माझ्या “अगोबाई” निघालं आणि तिला ते भाषांतर न करता कळलं.

ती जाता येता स्वयंसेवकी करते, आधी शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिच्याकडून कळलं आणि नंतर मी रात्री जागून वाचलं, ते असं. हा थर जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया नावाचे अतिसूक्ष्म जीव ओल मिळाली की वाळूतून सरकतात आणि मागे चिकट धागे सोडतात. त्या धाग्यांनी वाळूचे कण शिवले जातात. त्यावर दगडफूल येतं, शेवाळ येतं. हवेतला नायट्रोजन जमिनीत बांधला जातो, पाणी धरलं जातं, बी रुजायला जागा मिळते. वर्षाला इथे पाऊस पडतो सगळा मिळून साधारण २३० मिलिमीटर. आमच्या रत्नागिरीत जुलैत एखाद्या दिवसात तेवढा पडून जातो. एवढ्याशा पाण्यावर जी काही हिरवळ इथे तग धरून आहे, ती या शिवणीच्या जोरावर. शिवण कोरडी असताना बूट पडला की तुटते. पुन्हा धरायला काही वर्षं, आणि शेवाळ-दगडफुलासकट पूर्ववत व्हायला कित्येक दशकं. मोकळी झालेली धूळ वाऱ्याबरोबर कोलोरॅडोच्या डोंगरांवर जाते, बर्फ मळतो, मळलेला बर्फ ऊन जास्त पितो आणि लवकर वितळतो. म्हणजे इथल्या बुटाचा हिशेब तिथल्या नदीत लागतो.

ठशांवरून परत का, तर नवे दहा ठसे नकोत म्हणून. इतकं साधं. मी तोवर समजत होते की तिला मला शिक्षा करायची होती.

आता खरं सांगते, कौतुक वाटलं आणि लगेच कौतुकाचाही राग आला. कारण गावात शिरताना, कोलोरॅडो नदीच्या काठाला, युरेनियमच्या गाळाची टेकडी होती. १९५२ साली चार्ली स्टीन नावाच्या माणसाला या भागात युरेनियम सापडलं आणि पेरूच्या बागांचं—नाही, पेरू नव्हे, पीचच्या बागांचं गाव रातोरात खाणवाल्यांचं झालं. १९५६ ते १९८४ युरेनियमचं खनिज दळणारी गिरणी चालली. मागे उरला १ कोटी ६० लाख टन किरणोत्सारी कचरा, नदीच्या काठावर उघडा. तो आगगाडीने तीस मैलांवर क्रेसेंट जंक्शनला नेऊन पुरायला २००९ मध्ये सुरुवात झाली आणि वर्षानुवर्षं ते चाललं. माझ्या दहा पावलांना थांबवणाऱ्या देशाने आधी हे केलेलं आहे. शिवाय ही जमीन ज्या मूळनिवासी यूट लोकांची होती, त्यांनी कोरलेले घोडेस्वार आर्चेसमध्ये वुल्फ रँचजवळच्या खडकावर अजून आहेत, आणि गावाजवळच्याच बर्थिंग रॉक या जुन्या कोरीव चित्रांच्या खडकावर २०२१ मध्ये कुणीतरी घाणेरडं, वंशद्वेषी लिहून ठेवलं. तेव्हा शिस्तीचं मला सांगू नये.

हे सगळं मी तिला काही बोलले नाही. घरी येऊन डोक्यात बोलले. इंग्रजीत, मुद्देसूद.

आणि त्याच रात्री आमचा सडा आठवला.

तुमच्यातले जे कोकणातले आहेत त्यांना सांगायला नको. घाटावरच्यांसाठी सांगते: सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं पठार, कातळ. मे महिन्यात तव्यासारखा तापलेला, काळा, उघडा. सातबाऱ्यावर पोटखराबा. शाळेत जायची आमची वाट त्यावरून होती. मृगाचे चार पाऊस झाले की खळग्यांत पाणी साचायचं आणि चिमटीभर मातीतून दीपकाडीची पांढरी फुलं उभी राहायची, देवळातल्या समईसारखी. मग श्रावणात गेंद, सीतेची आसवं, सगळा कातळ पांढरा-जांभळा. दीपकाडी जगात आमच्या कोकणच्या सड्यांवरच होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही त्यावरून चपला फटकारत जायचो. कातळात खोदलेली चित्रं असतात त्यावरूनही. कशेळीचा हत्ती आता लोक गाड्या करून बघायला जातात, २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आमच्या लहानपणी ती ‘पांडवांची कामं’ होती आणि त्यावर गुरं बसायची.

गुरं बसल्याने काही बिघडलं नाही, हेही खरं. हजारो वर्षं टिकलीच ना? पाट्या न लावता, पार्किंगचे पैसे न घेता. आम्हाला कुणी सांगितलं नाही म्हणून आम्ही अडाणी, असं म्हणवत नाही मला.

पण चिरा, म्हणजे घरं बांधायला सड्यातून कापून काढलेला जांभा. २०१२ साली मला अमेरिकेच्या परीक्षेला बसायचं होतं. पदव्यांची तपासणी, परीक्षेची फी, विमान. बाबांची पोस्टातली नोकरी. आमच्या वाटणीचा सड्याचा तुकडा होता, त्याच्या शेजारच्याने आधीच चिरेखाणीला दिलेला. बाबांनीही दिला. “तिथं काय पिकतंय गो? साप पण राहायचा नाही.” मीही तेव्हा हेच म्हटलं होतं, बहुतेक त्यांच्या आधी. आज तिथे तीन पुरुष खोल चौकोनी खड्डा आहे, कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. पावसाळ्यात हिरवं पाणी साचतं आणि पोरं पोहतात. त्या चिऱ्यांची कुणाकुणाची घरं उभी राहिली असतील. घरं नकोत का लोकांना? मी शिकायला नको होतं का? इथल्या लोकांनी आधी युरेनियम विकून घेतलं आणि मग शेवाळ जपायला बसले. आम्हाला तेवढी उसंत तरी मिळू दे.

हे वाक्य मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. ठेवते.

गेल्या महिन्यात त्या बाई क्लिनिकमध्ये आल्या. गुडघा. कुणाचं नाव-गाव सांगायचं नसतं, म्हणून एवढंच. व्यायाम करवून घेताना मी म्हटलं, माझ्या गावाकडे पण अशी जमीन आहे, पाऊस पडला की जागी होते. त्यांनी विचारलं, तिथे लोक वाट सोडून चालतात का? मी म्हटलं, वाटच नाही, सगळी जमीनच वाट आहे. त्या हसल्या. खाणीचं मी काढलं नाही. गुडघा वाकवत होत्या, पंधरापर्यंत मोजायचं होतं.

परवा बाबांचा फोन आला. वरच्या अंगाला अजून अर्धा एकर आहे आपला, खाणवाला पुन्हा विचारतोय, भाव बरा देतोय, भावाला घराचं छप्पर करायचंय. “तुझं काय मत?” मत विचारायची ही पहिलीच वेळ. मी म्हटलं, बाबा, एकदा वर जाऊन फोटो काढून पाठवा, आत्ता काय काय उगवलंय त्याचा.

पाऊस थांबल्यावर गेले बिचारे, छत्री काठीसारखी टेकत. व्हॉट्सॲपवर सहा फोटो आले. धुकं, ओला कातळ, खळग्यातलं पाणी, तीन-चार पांढऱ्या समया. शेवटच्या फोटोत माझा भाचा दोन्ही हात वर करून उभा आहे, खूश, पायात गमबूट. बोटांनी फोटो मोठा करून मी त्याच्या पायाखाली बघत बसले. खाली बाबांनी लिहिलं होतं: “विशेष काही नाही. कातळच आहे. काय कळवू त्याला?”

त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. इथे रात्र होती, तिथे सकाळ. झोपले असं समजले असतील.